शिळा गॅस

एसीतला गॅस संपत नसतो. हे मी सोलापुरात इतक्या जणांना सांगितलंय की आता माझं मलाच ऐकून कंटाळा आलाय. चैत्र लागला, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कढत यायला लागलं, की आमच्या दुकानाचा फोन वाजायला लागतो आणि पलीकडून तेच ते वाक्य येतं, "वहिनी, गॅस संपलाय, भरायला माणूस पाठवा." जणू स्वयंपाकाची टाकीच, भाकरी थापल्या की झाली रिकामी. अहो, तो गॅस बंद नळ्यांमधून फिरत असतो. आतली उष्णता उचलतो, बाहेर टाकतो, परत आत येतो. नळी कुठं फुटली नसेल तर तोच गॅस एसी भंगारात जाईपर्यंत पुरतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी भोक आहे. आधी ते शोधा, बुजवा, मग भरा. पण भोक शोधण्यात कुणालाच रस नाही, सगळ्यांना गॅस पाहिजे.

त्यात आमच्या लोकांनी आणखी एक समजूत करून घेतली आहे, ती कुणाच्या डोक्यातनं निघाली देव जाणे. गॅस आत राहून राहून शिळा होतो म्हणे. दुधासारखा. म्हणून जुना सगळा काढून टाकायचा आणि ताजा भरायचा. काढला हे कळणार कसं? तर आवाजानं. मेकॅनिकनं वॉल्व्ह उघडला की मोठ्यानं फुस्स व्हायला पाहिजे. गिऱ्हाईक कमरेवर हात ठेवून शेजारी उभं असतं, कान देऊन. फुस्स झालं की त्याचा चेहरा निवतो. नाही झालं तर मेकॅनिकनं लबाडी केली. म्हणून शहरातला बहुतेक प्रत्येक मेकॅनिक कामाला हात लावायच्या आधी तो आवाज करून दाखवतो. देवळात शिरताना घंटा वाजवावी तसा.

आमचे हेही वाजवायचे. खोटं कशाला सांगू?

मी मूळची मंद्रूपकडची, शेतकऱ्याची लेक. लग्न करून सोलापुरात आले तेव्हा एसी मी फक्त बँकेत बघितला होता. ह्यांचं दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. सुरुवातीला मी फोन घ्यायची, मग पाने-पक्कड हातात द्यायला लागले, मग टाकी वजनकाट्यावर ठेवून गॅस भरायला शिकले, आणि हळूहळू एकटी कामाला जायला लागले. दार उघडणारा माणूस माझ्या पाठीमागं बघतो आणि विचारतो, मेकॅनिक कुठाय? मी म्हणते, मीच हाय की. मग तो बायकोला हाक मारून बघायला बोलावतो. याचीही सवय झाली.

ह्यांचा हात मात्र सोन्याचा होता. तांब्याच्या दोन नळ्या पेटत्या टॉर्चनं अशा जोडायचे की जोड बोटाला लागायचा नाही. भोक शोधायची त्यांची पद्धत त्यांच्या उस्तादाकडून आलेली. टॉर्चची ज्योत बारीक करायची आणि नळीच्या कडेकडेनं फिरवायची. जिथं गॅस निसटत असेल तिथं ज्योत हिरवी होते. निळ्याची हिरवी झाली की हे खूश. त्याबरोबर एक उग्र वास यायचा, नाकात, घशात, डोळ्यांत झोंबणारा. तो वास ह्यांच्या शर्टाला चिकटून घरी यायचा. दर उन्हाळ्यात खोकला. विचारलं तर म्हणायचे, सोलापूरची धूळ हाय, दुसरं काय.

पुण्याहून एक मास्तर मेकॅनिक लोकांना शिकवायला येणार, असा निरोप आमच्या डीलरकडून आला तेव्हा हे गेले नाहीत. मला काय शिकवणार ते, म्हणाले. जेवण फुकट हाय, तूच जा. चेष्टाच केली होती त्यांनी. मी खरंच गेले. त्या हॉलमध्ये बाई मी एकटी, आणि पहिला अर्धा वेळ सगळे मला चहावाली समजत होते.

पण मास्तर चांगले होते. त्यांनी सांगितलं की आपल्या डोक्यावर, ढगांच्याही कितीतरी वर, ओझोनचा एक पातळ थर आहे. उन्हातला जो सगळ्यात वाईट भाग, कातडी जाळणारा, डोळे बिघडवणारा, तो हा थर वरच्या वर अडवतो. आणि आपण फुस्स करून सोडतो तो जुना गॅस, आमच्या भाषेत बावीस नंबर, तो जात नाही कुठं. वर्षानुवर्षं चढत चढत वर पोचतो आणि तो थर खातो. त्याच्याहीपेक्षा वाईट गॅस आधी होते, ते बंद झाले. नवे गॅस थराला काही करत नाहीत, पण हवेत सोडले तर पृथ्वी तापवतात, म्हणून तेही सोडायचे नाहीत. मी मनात म्हटलं, सोलापूरच्या माणसाला ऊन शिकवायला पुण्याचा मास्तर आलाय. पण ऐकत राहिले. माझ्या आईला लवकर मोतीबिंदू झाला, जन्म सगळा ज्वारीच्या रानात गेला होता तिचा. मी हात वर करून विचारलं, याच्यानंच झाला का? मास्तर म्हणाले, तसं मला सांगता येणार नाही ताई, खोटं बोलल्यासारखं होईल. तेव्हापासून त्यांच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला.

शेवटी ते म्हणाले, एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे जगातले देश या एका गोष्टीवर एक झाले, गॅस कमी करत आणले, आणि तो थर आता हळूहळू भरून येतोय. मला तिथं बसल्या बसल्या रडू आलं. माणसांनी मिळून काही बिघडवलेलं परत नीट केलंय, असं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला आमच्या ह्यांचा शर्ट आठवला. हा गॅस पेटत्या ज्योतीत सापडला तर त्याचं विष होतं. तो झोंबणारा वास म्हणजे तेच विष. ज्योत हिरवी झाली की टॉर्च बंद करून लांब पळायचं असतं. आणि आमच्याकडं हिरवी झाली की शाबासकी.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. उस्ताद म्हातारे होऊन मेले, त्यांना काय झालं, असं म्हणाले. उस्ताद शेवटी कसे मेले ते मी बघितलं होतं, खाटेवर उशीला टेकून, झोपताही येत नव्हतं.  आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी होती. माझी पाळी आली तेव्हा सगळ्या विचारायला लागल्या, पैठणी का मिक्सर? मी गॅस ओढून घ्यायचं मशीन आणलं, जुनं, पण चालू. एसीला नळी जोडायची, मशीन आतला गॅस ओढून रिकाम्या टाकीत भरतं. हवेत काही जात नाही, आवाज होत नाही, आणि जोड देताना आत गॅस राहत नाही. वेळ लागतो तेवढा. ह्यांनी मशीनकडं बघितलं आणि म्हणाले, "बायकोनं स्वतःच सवत आणली की घरात." पुढं कित्येक दिवस ते त्याला सवतच म्हणायचे.

मग एका थंडीत खोकला थांबेचना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, फुंकायला लावलं. म्हणाले, फुप्फुसं अशक्त झालीत. आहेत तेवढी सांभाळली तर माणूस आयुष्य काढेल. पण तो धूर, तो वास पुन्हा आत गेला तर माझ्या हातात काही नाही. हे छातीच्या फोटोकडं बघत ऐकत होते. रिक्षात मी त्यांना म्हटलं, आता ज्योतीनं भोक शोधायचं नाही आणि गॅस ओढून घेतल्याशिवाय टॉर्च पेटवायचा नाही. त्यांनी मान हलवली. लग्नानंतर त्यांनी माझं इतकं मोठं काही पहिल्यांदाच ऐकलं असेल.

आणि खरंच पाळलं की. सवतीला स्कूटरच्या पुढं ठेवून न्यायचे. साबणाचा फेस करून ब्रशनं जोडांना लावायचे, बुडबुडा कुठं येतो ते बघायचे. खोकला कमी झाला. रात्री आडवे झोपायला लागले. गिऱ्हाइकं कुरकुर करायची, काही तुटलीही, पण मी म्हणायची जाऊ द्या. तो उन्हाळा आमचा सुखाचा गेला, हे मला सांगितलंच पाहिजे.

पुढच्या उन्हाळ्यात चादरी-टॉवेलच्या एका मोठ्या शोरूममधून बोलावणं आलं. शेठ आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचे एसी बावीस नंबरवरचे, म्हातारे, पण बदलायचं नाव नाही. तांब्याच्या नळ्या चोर कापून नेतात म्हणून त्यांनी बाहेरची मशीनं मागच्या बोळात ठेवलेली, तिन्हीकडं भिंत, वरून पत्रा, पुढं जाळीचं दार आणि त्याला आतून ताडपत्री. वारा म्हणून नाही. मी त्या दिवशी दुसऱ्या कामाला मोडनिंबला गेले होते. म्हणून पुढचं मी बघितलेलं नाही, ह्यांनी नंतर तुटक तुटक सांगितलं तेच सांगते.

दुकानात लग्नाच्या बस्त्याची गर्दी होती. एसी बंद, माणसं घामाघूम. ह्यांनी मशीन जोडलं आणि गॅस ओढायला लावला. शेठ दर थोड्या वेळानं बोळात डोकावायचे. झालं का? झालं का? आवाज कसा नाही आला अजून? ह्यांनी समजावून सांगितलं. शेवटी शेठ गिऱ्हाइकांना घेऊनच मागं आले. उभ्या उभ्या चहा मागवला आणि सगळ्यांच्या देखत हसत म्हणाले,

"काय मिस्त्री, बायकोनं शिकवल्याशिवाय वॉल्व्हबी उघडता येईना का आता?"

बाकीचेही हसले. एवढंच झालं. मारलं नाही, शिवी दिली नाही. हसले फक्त. आणि आमच्या ह्यांनी मशीन बंद केलं, नळी काढली आणि वॉल्व्ह सताड उघडला. फुस्स. शेठ म्हणाले, आता कसं. सगळे थंडाव्याची वाट बघत आत गेले, आणि हा गॅस हवेपेक्षा जड, तो बोळातच खाली साचून राहिला. खाली, नळीच्या वळणावर, तेलाचा डाग दिसत होता. गॅस गळतो तिथं तेलही गळतं, तेव्हा भोक तिथंच असणार असं ह्यांनी धरलं. फेस लावून बघायला आता गॅस उरला नव्हता आणि वेळही नव्हता. उकिडवे बसून त्यांनी त्या वळणावर जोड द्यायला टॉर्च पेटवला. ज्योत हिरवी झाली. मला माहीत होतं गं, पण जोड अर्धा झाला होता, म्हणाले. जोड पुरा केला, ताजा गॅस भरला, आणि चहा गार व्हायच्या आत एसी चालू करून दिला. शेठनी पाठीवर थाप मारली.

मी घरी पोचले तेव्हा हे खुर्चीत पुढं वाकून बसले होते. घसा खवखवतोय, बाकी काही नाही, म्हणाले. संध्याकाळपर्यंत ओठ निळे पडले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, सांगितलं होतं ना?  राग होता नुसता, आणि कुणावर काढावा कळत नव्हतं. ज्यांच्यावर काढायचा ते तोंडाला मास्क लावून पडलेले. दवाखान्यात शेठकडून डाळिंबांची पेटी आली. पोऱ्या ठेवून गेला. ह्यांना चावून खायला सुद्धा श्वास पुरत नव्हता. मी ती पेटी तशीच वॉर्डात वाटून टाकली.

हे वाचले. वाचले म्हणायचं. आता घरात खाटेशेजारी हवेतला ऑक्सिजन गोळा करणारं मशीन आहे, त्याची बारीक नळी नाकाला. त्या मशीनचाही आवाज येतो, थांबून थांबून, फुस्स, फुस्स. पहिल्या आठवड्यात मी त्या आवाजानं वेडी व्हायची बाकी होते. वीज गेली की माझा जीव जातो. हे खोलीतनं मोरीपर्यंत जातात आणि भिंतीला धरून उभे राहतात. स्वभावानं अजून तसेच आहेत, नळीला दुसरी सवत म्हणतात. मला हसू येत नाही.

यंदा चैत्रात फोन आला. शेठच. वहिनी, गॅस संपलाय. ह्यांची चौकशी केली, पण उत्तराची वाट न बघता. गरज सरो, वैद्य मरो. जाऊ नये असं वाटलं. पण घर माझ्या कामावर चालतं, आणि दुसरं म्हणजे तो जोड मला बघायचा होता. ज्याच्यासाठी माझ्या माणसाचा श्वास गेला तो जोड कसा दिसतो ते बघायचं होतं.

गेले. जाळीचं दार उघडून ताडपत्री आधी फाडून काढली, शेठना न विचारता. खाली बसून जोड पुसला. काय सुरेख होता. इतक्या घाईत, त्या विषात बसून, डोळ्यांतनं पाणी येत असताना दिलेला, आणि रेष सुद्धा वाकडी नाही. आत थोडा गॅस शिल्लक होता, म्हणून मी साबणाचा फेस केला आणि जोडाला लावला. एक बुडबुडा आला नाही. पक्का. मग मागून पुढून सगळ्या नळीला लावत वर गेले. वळणाच्या बरोबर वर, जिथं नळी बाहेरच्या मशीनला नटानं बसवलेली असते, तिथं फेस फुगला. फुगला, फुटला, परत फुगला.

मी बघतच राहिले. नट सैल होता. वरच्या नटातनं तेल ओघळून खाली वळणावर आलं होतं, आणि डाग तिथला दिसत होता. खालची नळी फुटलेली नव्हतीच. कधीच नव्हती. टॉर्च लागतच नव्हता. गॅस सोडायचं कारण नव्हतं. मी पिशवीतनं पाना काढला, नटाला लावला आणि दाबला. पाव फेरा पण झाला नसेल. फेस थांबला.

शेठ मागं येऊन उभे होते. म्हणाले, एवढ्यात झालं? मी सांगितलं, नट सैल होता, आवळला, आता कमी झालेला गॅस तेवढा वजनानं भरते. त्यांना पटेना. मागच्या खेपेला मिस्त्रींनी सगळा काढून ताजा भरला होता, एक वर्ष मस्त चालला, म्हणाले.

"शेठ, मागच्या खेपेला काम झालंच नव्हतं," मी म्हटलं. "तवाबी हाच नट गळत हुता. फेस लावून बघाया तेवढा दम धरला असता तुमी, तर आमचे हे आज हितं माझ्याजागी बसले असते."

त्यांनी वाकून त्या नटाकडं बघितलं. मला वाटलं, कळलं. मग फोनकडं बघत त्यांनी विचारलं, "पण वहिनी, आत राहिलेला गॅस शिळा नसंल ना? एकदा काढून टाकला असता तर..."

गॅस भरला, काटा बघितला, सामान आवरलं. आतून गार हवा यायला लागली तशी बस्त्याला आलेली एक म्हातारी हात वर करून म्हणाली, पोरी, तुझं भलं होऊ दे. तिचा काय दोष.

घरी आले तेव्हा हे जागेच होते, उशीला टेकून. मी कुठं गेले होते ते त्यांना माहीत होतं. चप्पल काढेपर्यंत धीर नव्हता त्यांना. एवढं वाक्यही त्यांना एका श्वासात येत नाही, तरी विचारलं,

"माझा जोड... धरलाय का गं?"

"धरलाय," मी म्हटलं. "लई पक्का हाय. फेस लावून बघितला की."

"मग गळत... कुटं हुतं?"

"वरच्या नटात," मी म्हटलं. "यंदाच सैल झालाय. नवीन हाय."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान होतं, कामाहून आल्यावर असायचं तसलं. मी पिशवीतनं पाना काढला आणि त्यांना दिसणार नाही असा, ज्वारीच्या डब्यामागं ठेवला.